गळाला लागलेला सेलफिश कोस्टा रिकात परत का सोडतात?

कोकणात कुणी दिवसभर उन्हात बसून गरवलं, चाळीस किलोचा मासा लागला, आणि तो पुन्हा पाण्यात सोडून माणूस रिकाम्या हाताने घरी आला, तर घरचे आधी कारण विचारतील. प्रश्न रास्त आहे. मासा खायचा नाही, विकायचा नाही, तर धरायचा कशाला? मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका या देशात दरवर्षी हजारो लोक विमानाने येतात, मोठ्या बोटीचं एका दिवसाचं हजार डॉलरहून जास्त भाडं मोजतात आणि नेमकं हेच करतात. तिथला कायदाही त्यांना हेच करायला सांगतो. या रिवाजामागे डोंगरातून येणारा वारा आहे, समुद्रातला प्राणवायू आहे, गळाचा आकार आहे आणि केळ्यांचा धंदा बुडालेल्या गावांचा रोजगारही आहे.

कोस्टा रिकाचं क्षेत्रफळ सुमारे ५१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम सहाव्या हिश्शाएवढं. पण त्याच्या हक्काचा समुद्र जमिनीच्या दहापटीहून मोठा आहे. पूर्वेला कॅरिबियनचा सरळसोट, आखूड किनारा. पश्चिमेला पॅसिफिकचा लांब, नागमोडी किनारा. हौशी मासेमारीची बहुतेक गावं पॅसिफिकच्या बाजूला आहेत: उत्तरेला ग्वानाकास्ते प्रांतातली, मध्यावर एर्रादुरा आणि केपोस, दक्षिणेला गोल्फितो. यातली केपोस आणि गोल्फितो ही मूळची केळ्यांची बंदरं. युनायटेड फ्रूट या अमेरिकी कंपनीने १९३०च्या दशकात ती उभी केली. केपोसच्या बागा पुढे पनामा रोगाने बसल्या आणि तिथे तेलताडाची लागवड झाली. गोल्फितोतून कंपनीने १९८०च्या दशकात गाशा गुंडाळला आणि अख्ख्या गावाचा पगार एकदम थांबला. अशा गावांमध्ये आज बोटीचा कप्तान, खलाशी, इंजिन दुरुस्त करणारा, आमिषाचे मासे बांधून देणारा अशी कितीतरी घरं पाहुण्यांच्या मासेमारीवर चालतात. पुढचं सगळं वाचताना ही माणसं डोळ्यांसमोर असावीत.

आता मासा. सेलफिश म्हणजे पाठीवर शीड असलेला, भाल्यासारखी लांब चोच असलेला, निळाजांभळा, लांबोडा मासा. ही जात आपल्याला परकी नाही. अरबी समुद्रातही ती आहे आणि कोकणातल्या बंदरांवर अधूनमधून उतरते. फरक आकारात आणि संख्येत आहे. मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक बाजूचे सेलफिश जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी असतात, तीस ते पंचेचाळीस किलो हे तिथे नेहमीचं वजन. गळावर धरलेला विक्रमी सेलफिश १९४७ साली इक्वेडोरच्या बेटांजवळ मिळाला होता, वजन १०० किलोहून थोडं जास्त.

त्याच्या वेगाबद्दल मात्र एक गैरसमज सगळीकडे फिरतो. ताशी ११० किलोमीटर हा आकडा शाळेच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांपासून मोबाइलवरच्या संदेशांपर्यंत दिसतो. माशाच्या अंगावर यंत्र बसवून आणि चित्रीकरण करून गेल्या दहाबारा वर्षांत जी मोजमापं झाली, त्यांत शिकारीच्या वेळचा वेग ताशी तीस-पस्तीस किलोमीटरच्या आसपास निघाला. मला हा मासा त्यामुळे कमी थोर वाटत नाही. तो छोट्या माशांच्या थव्यात आपली चोच इतक्या हळुवार सरकवतो की थवा बिचकत नाही, आणि मग एका झटक्यात ती आडवी फिरवतो. उंच उभारलेलं शीड त्या वेळी त्याचं अंग डोलू देत नाही. वेगापेक्षा हे कौशल्य जास्त नवलाचं आहे.

डोंगरातल्या खिंडीचं काम

इतके सेलफिश या पट्ट्यातच का? उत्तर जमिनीवरून सुरू होतं. मध्य अमेरिका ही दोन महासागरांमधली चिंचोळी पट्टी, आणि तिच्या कण्यासारखी डोंगररांग जाते. हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, कॅरिबियनच्या बाजूने जोराचे वारे येतात आणि डोंगरांवर अडतात. पण ही रांग तीन ठिकाणी खाली उतरते: मेक्सिकोत तेहुआंतेपेकला, निकाराग्वाच्या मोठ्या सरोवराच्या सखल भागात, आणि पनामात. अडलेला वारा या तीन वाटांमधून जोरात पॅसिफिकवर सुटतो. निकाराग्वाच्या वाटेने येणाऱ्या वाऱ्याला पापागायो म्हणतात आणि तो कोस्टा रिकाच्या उत्तर किनाऱ्याला झोडपतो.

हा वारा वरचं कोमट पाणी समुद्रात लांब ढकलतो. त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी वर येतं. खालच्या पाण्यात क्षार आणि पोषकद्रव्यं भरपूर असतात, कारण वर मेलेलं सगळं शेवटी तळाकडे जातं. ते पाणी उजेडात आलं की सूक्ष्म वनस्पती फुलतात, त्यांवर सूक्ष्म प्राणी, त्यांवर छोटे मासे आणि छोट्या माशांमागे सेलफिश. किनाऱ्यापासून काहीशे किलोमीटर आत समुद्रात याच वाऱ्यांनी आणि प्रवाहांनी मिळून एक मोठा भाग तयार केला आहे. त्याला ‘कोस्टा रिका डोम’ म्हणतात. तिथे थंड पाण्याचा थर घुमटासारखा वर उचललेला असतो. जगातला सर्वांत मोठा प्राणी, निळा देवमासा, कॅलिफोर्नियाकडून हिवाळ्यात तिथे चरायला येतो, यावरून त्या पाण्याच्या समृद्धीची कल्पना यावी.

मासेमारीचा हंगामही या डोंगरांनीच ठरवला आहे. देशाच्या दक्षिण भागात तालामांका ही उंच रांग आहे. तिचं चिरिपो हे शिखर ३,८२० मीटर. तिच्या आडोशाने केपोससमोरचा समुद्र डिसेंबर ते एप्रिल या कोरड्या दिवसांत पुष्कळदा तळ्यासारखा शांत असतो, आणि तेव्हाच सेलफिश तिथे गोळा होतात. त्याच महिन्यांत उत्तरेला ग्वानाकास्तेत पापागायो घोंघावत असतो आणि छोट्या बोटींना बाहेर पडणं जड जातं. तिथला चांगला काळ मे ते ऑगस्ट. एकाच देशात दोनशे किलोमीटरच्या अंतरावर हंगाम उलटा होतो.

पाण्यातला तळमजला

पण अन्न मुबलक असलं म्हणजे मोठा मासा पृष्ठभागाजवळच राहील असं नाही. तो पन्नास, शंभर, दोनशे मीटर खालीही जाऊ शकतो. इथे का जात नाही? या लेखातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हा आहे.

वर फुललेली सूक्ष्म सृष्टी मरते आणि खाली बसत जाते. ती कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्च होतो. पूर्व पॅसिफिकच्या उष्ण पट्ट्यात खालचं पाणी ढवळलं जाऊन त्यात नवा प्राणवायू मिसळण्याची क्रिया फार मंद आहे. त्यामुळे वरच्या उबदार थराखाली प्राणवायू अगदी कमी असलेल्या पाण्याचा जाड थर पसरलेला आहे, आणि काही ठिकाणी तो पंचवीस ते पन्नास मीटरवरच सुरू होतो. सेलफिश आणि त्याच्याच कुळातला, तशीच लांब चोच असलेला मार्लिन हे सतत पोहणारे, स्नायूंनी भरलेले मासे. त्यांना प्राणवायू भरपूर लागतो. त्या खालच्या पाण्यात ते फार वेळ टिकू शकत नाहीत.

पुराचं पाणी तळमजल्यात शिरलं की घरातली सगळी माणसं माळ्यावर जमतात, तशी इथल्या माशांची गत आहे. शिकारी वर, शिकारही वर. अमेरिकी संशोधक एरिक प्रिन्स आणि फिलिप गुडइयर यांनी माशांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेल्या खुणा लावून हे दाखवलं आणि २००६ साली मांडलं. अटलांटिकच्या पश्चिम भागातले सेलफिश आणि मार्लिन सहज खोल जातात. मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक बाजूचे त्याच जातीचे, त्याच कुळाचे मासे वरच्या पातळ थरात राहतात. तिथे त्यांना अन्न लवकर सापडतं, त्यामुळे ते वाढतातही मोठे.

पाहुण्यांना एका दिवसात डझनभर सेलफिश दिसतात, ते याच कारणाने. आणि इथेच धोकाही आहे. पातळ थरात दाटलेला मासा हौशी माणसाला सहज सापडतो, तसाच तो व्यापारी जहाजाच्या गळांनाही सहज सापडतो. बोटींना दिवसभर मासे दिसतात म्हणून समुद्रात ते अमाप आहेत, असा अर्थ काढता येत नाही. समुद्र तापतो आहे तसं कमी प्राणवायूचं पाणी जगभर पसरतं आहे, म्हणजे हा माळा आणखी बुटका होत जाणार.

आपण हे दुसऱ्याच्या घरचं म्हणून वाचू नये. अरबी समुद्रातही कमी प्राणवायूचा थर आहे आणि तो जगातल्या सर्वांत जाड थरांपैकी एक आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातही प्राणवायू घटतो; गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. कोकणातल्या जाळ्यात कुठला मासा कधी आणि किती मिळतो, हे समजायलाही या थराची माहिती उपयोगाची आहे.

गळ वाकडा असण्याचं महत्त्व

आता बोटीवर जाऊ. पहाटे बंदरातून निघून बोट तासदीड तास बाहेर जाते, जिथे समुद्राचा तळ एकदम खोल उतरतो. मग वेग कमी करून सात-आठ नॉटवर ती चालत राहते. मागे दोऱ्यांवर रंगीत, फेस उडवणारी खोटी आमिषं ओढलेली असतात. त्यांना गळच नसतो. त्यांचं काम माशाला वर बोलावण्याचं. सेलफिश खवळून चोचीने त्यांवर वार करू लागला की खलाशी खोटं आमिष झपाट्याने गुंडाळून घेतो आणि त्याच जागी खऱ्या माशाचं, गळ लावलेलं आमिष सोडतो. अदलाबदल दोन-तीन सेकंदांची. ती साधणारा खलाशी बोटीचा खरा कारागीर असतो, आणि पाहुण्यांनी बक्षिसी देताना हे लक्षात ठेवावं.

यापुढे पाहुण्याने करायचं काम जवळजवळ उलटं आहे. आपल्याकडे गरवताना मासा लागला की झटका द्यायचा असतो. इथे झटका द्यायचा नाही. मासा आमिष घेऊन वळतो, दोर सुटू द्यायचा, तीन-चार सेकंद थांबायचं, मग रीलची पकड हळूहळू घट्ट करायची. कारण इथला गळ गोल असतो. नेहमीचा गळ इंग्रजी जे अक्षरासारखा, टोक वर बघणारं. या गळाचं टोक आत, दांड्याकडे वळलेलं. आमिष माशाने गिळलं तरी दोर ताणला जाताना हा गळ घशात किंवा पोटात न रुतता घसरत बाहेर येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात येऊन बसतो. झटका दिला तर तो नुसताच तोंडाबाहेर निसटतो.

एवढ्याशा वळणाने किती फरक पडतो? ग्वाटेमालातल्या इस्तापा बंदरावर झालेल्या अभ्यासात सरळ गळावरच्या सेलफिशला रक्तस्राव होण्याची शक्यता गोल गळाच्या तुलनेत सुमारे एकवीसपट निघाली. अटलांटिकमध्ये पांढऱ्या मार्लिनवर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात खुणा लावून सोडलेल्या माशांचा मागोवा घेतला गेला: गोल गळावरचे सगळे जगले, सरळ गळावरचे ६५ टक्केच. दुसऱ्या अभ्यासातले मासे चाळीसेकच होते, पण फरक एवढा ठळक आहे की दुर्लक्ष करता येत नाही. म्हणूनच कोस्टा रिकात सेलफिश आणि मार्लिनसाठी खऱ्या माशाचं आमिष वापरायचं तर गोल गळच लावावा लागतो.

लागलेला सेलफिश पाण्याबाहेर उड्या घेतो, शंभर-दोनशे मीटर दोर ओढून नेतो, पुन्हा उड्या घेतो. दहा-वीस मिनिटांत तो बोटीजवळ येतो. या वेळी त्याच्या शरीरात काय चाललेलं असतं? जोरदार हालचालींसाठी वापरायचे पांढरे स्नायू प्राणवायूशिवाय ऊर्जा बनवतात आणि त्यातून लॅक्टिक आम्ल साठतं. धावपटूच्या पायांत येते तसली, पण अख्ख्या अंगात आलेली दमछाक. त्यात भर म्हणजे या माशाला आपल्या कल्ल्यांतून पुरेसं पाणी खेळवायला सतत पुढे पोहावं लागतं. थांबला की श्वास कमी. त्याला बोटीवर उचलून फोटो काढले, की कल्ले आपल्याच वजनाने चिकटतात, शरीराला आधार राहत नाही, आणि आधीच थकलेला मासा गुदमरतो. तो पाण्यात परत टाकल्यावर पोहत गेलेला दिसला, तरी खाली जाऊन मरू शकतो.

म्हणून तिथे सेलफिशला पाण्याबाहेर काढायला मनाई आहे. खलाशी वाकून हातमोज्यातल्या हाताने चोच धरतो, गळ काढतो किंवा दोर गळाजवळ कापतो. मासा थकलेला असेल तर बोट अगदी हळू पुढे चालू ठेवून त्याला बाजूला धरून ठेवतो, म्हणजे तोंडातून पाणी वाहत राहतं. अंगाचा फिकटलेला रंग परत येऊ लागला, शेपटी जोर करू लागली, की सोडून देतो. हातात आडवा धरलेला सेलफिश आणि मागे हसणारा पाहुणा, असे जुने फोटो खूप दिसतात. त्यांतले किती मासे जगले असतील, याचा विचार मला ते बघताना सुटत नाही.

सोडलेल्या माशाचे पैसे

तर मूळ प्रश्नाकडे. सेलफिशचं मांस खाता येतं, पण त्याला बाजारात ट्यूनासारखा भाव नाही. तोच मासा समुद्रात जिवंत असेल, तर तो बघायला आणि धरायला येणारा पाहुणा बोट, खोली, जेवण, गाडी, इंधन, सगळ्यावर खर्च करतो. आणि मासा नीट सोडला तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या पाहुण्यासाठी तो पुन्हा असतो. कोस्टा रिका विद्यापीठाच्या सहभागाने झालेल्या एका अभ्यासाने २००८ साली हौशी मासेमारीतून देशाला सुमारे ६० कोटी डॉलर मिळाले असं मांडलं, म्हणजे देशाच्या एकूण उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपास. हा अभ्यास सेलफिश-मार्लिनच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या ‘द बिलफिश फाउंडेशन’ या अमेरिकी संस्थेने करवून घेतला होता, म्हणून आकडा थोडा जपून घ्यावा. पण तो निम्मा धरला तरी छोट्या देशासाठी ही रक्कम मोठी आहे.

या आधारावर तिथल्या मत्स्यव्यवसाय संस्थेने, तिचं नाव इन्कोपेस्का, सेलफिशला पर्यटन आणि क्रीडेसाठी महत्त्वाचा मासा म्हणून जाहीर केलं. हौशी माणसाने धरलेला सेलफिश किंवा मार्लिन सोडलाच पाहिजे.

मात्र सगळा समुद्र हौशी लोकांचा नाही. खोल समुद्रात व्यापारी बोटी मैलोगणती लांब दोर सोडतात, त्याला शेकडो गळ लटकलेले. त्यांना हवे असतात माहीमाही आणि ट्यूना हे खाण्याचे मासे. पण माळ्यावर दाटलेला सेलफिशही त्याच गळांना लागतो, सोबत कासवं आणि मुशी. गळ रात्रभर पाण्यात असल्याने वर काढेपर्यंत त्यातले बरेच मेलेले असतात. असा सेलफिश स्थानिक बाजारात विकला जातो, आणि यावरून हौशी बोटवाले आणि व्यापारी मच्छीमार यांच्यात जुना तंटा आहे.

दुसरा तंटा पर्ससीनचा, म्हणजे माशांच्या थव्याला गोल घेरून खालून आवळायच्या मोठ्या जाळ्याचा. हा शब्द रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुणाला समजावावा लागणार नाही. कोस्टा रिकाकडे स्वतःच्या पर्ससीन बोटी नाहीत. ट्यूनासाठी तो परदेशी जहाजांना परवाने विकतो. ती जहाजं किनाऱ्याजवळ येऊन ट्यूनाचे थवे उचलत आणि त्यात सेलफिश-मार्लिनही जात. २०१४च्या सरकारी आदेशाने त्यांना किनाऱ्यापासून ४५ सागरी मैलांच्या बाहेर ठेवलं आणि सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर समुद्र त्यांच्यापासून मोकळा केला. कोळंबीसाठी तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरचं प्रकरण न्यायालयात गेलं: घटनापीठाने २०१३ साली नव्या परवान्यांवर बंदी घातली. २०२० साली संसदेने ट्रॉलिंग परत आणणारं विधेयक मंजूर केलं, पण राष्ट्राध्यक्ष कार्लोस अल्वारादो यांनी नकाराधिकार वापरून ते परतवलं. त्यापुढच्या वर्षी दूरच्या कोकोस बेटाभोवतीचं मासेमारीबंद क्षेत्र सुमारे २,००० वरून जवळजवळ ५५ हजार चौरस किलोमीटर केलं गेलं.

मी या निर्णयांच्या बाजूचा आहे. तरीही एक गोष्ट बोलून दाखवायला हवी. ट्रॉलर थांबले तेव्हा पुंतारेनाससारख्या बंदरात खलाशांच्या आणि कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या घरी अडचण आली. केपोसच्या मरिनातला, म्हणजे हौशी बोटींच्या धक्क्यावरचा, पैसा आपोआप तिथे पोहोचत नाही. पाहुण्यांचा मासा वाचवताना पोटासाठी मासे धरणारा माणूस हरणार असेल, तर तो नियम लोक मनापासून पाळणार नाहीत. म्हणून गोल्फितोसमोरच्या गोल्फो दुल्से या खोल आखातात जे झालं ते मला जास्त पटतं: छोटे मच्छीमार, हौशी बोटवाले आणि सरकार एकत्र बसले, आणि २०१० साली तो भाग जबाबदार मासेमारीचं क्षेत्र ठरला. ट्रॉलर बाहेर गेले, गावातले लोक मात्र दोर-गळ घेऊन तिथेच मासे धरत राहिले.

माशाला दुखतं त्याचं काय? हा प्रश्न टाळू नये. माशांना वेदना कशी जाणवते यावर जीवशास्त्रज्ञांत अजून वाद आहे, पण त्याला ताण येतो, त्याचं शरीर थकतं आणि काही मासे सोडल्यावरही मरतात, यात वाद नाही. ज्याला हे पटत नाही त्याने न धरता फक्त बघावं. समुद्रात शीड उभारून पोहणारा सेलफिश बोटीवरून दिसतो आणि तेवढ्यासाठीही जाणं सार्थ आहे. धरून सोडण्याला माझा पाठिंबा अटीवर आहे: गळ गोल, झुंज छोटी, मासा पाण्यातच. अटी मोडल्या तर तो खेळ नुसतीच हत्या आहे, आणि खाल्लंही कुणी नाही.

दुसऱ्या किनाऱ्यावर थोडक्यात

कॅरिबियनच्या बाजूला बार्रा देल कोलोराडो आणि तोर्तुगेरोच्या नद्यांच्या मुखांशी टार्पन हा प्रचंड चंदेरी मासा येतो. तो पोटातल्या हवेच्या पिशवीने थेट हवाही श्वासात घेऊ शकतो, म्हणून गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्यात टिकतो. पन्नासहून अधिक वर्षंही जगतो. १९१४ साली उघडलेल्या पनामा कालव्यातून टार्पन पॅसिफिकमध्येही शिरले आणि आता कोस्टा रिकाच्या त्या किनाऱ्यावरही कधीकधी सापडतात. कॅरिबियनच्या त्याच नदीमुखांशी स्नूक नावाचा मासा मिळतो. रायगडकरांनी तो पाहिला तर जिताडा आठवेल, आणि ते चुकीचं नाही: शास्त्रज्ञ पूर्वी दोघांना एकाच कुळात धरत.

जाणार असाल तर

अमेरिकेत राहणारी अनेक मराठी कुटुंबं हल्ली सुट्टीत कोस्टा रिकाला जातात, त्यांच्यासाठी एवढं. सेलफिश हवा असेल तर जानेवारी ते मार्च, केपोस किंवा एर्रादुरा. मुलं बरोबर असतील, लाटेचा त्रास होत असेल, तर किनाऱ्यालगतच्या अर्ध्या दिवसाच्या फेरीत रूस्टरफिश धरता येतो. पाठीवर कोंबड्याच्या तुऱ्यासारखे सात लांब काटे असलेला हा मासा फक्त पूर्व पॅसिफिकमध्येच सापडतो, आणि तोही सोडण्याचाच रिवाज आहे. बोट ठरवताना कप्तानाला आधी विचारा: गळ कुठला वापरता, आणि मासा बोटीवर घेता का? दुसऱ्या प्रश्नाला कुणी ‘फोटोसाठी घेऊ की’ म्हणालं, तर दुसरी बोट बघा. मासेमारीचा परवाना प्रत्येकाला वेगळा लागतो. तो बोटभाड्यात धरला आहे का, हे आधीच स्पष्ट करून घ्या.

खायला मासा हवाच असतो, आणि त्यात गैर काही नाही. माहीमाही फार वेगाने वाढतो आणि चार-पाच वर्षांत त्याचं आयुष्य संपतं. जेवणापुरता एखादा घेतला तर हरकत नाही. पिवळ्या परांचा ट्यूना, म्हणजे आपला कुप्पाच, आणि सुरमईचा लांबचा भाऊ वाहू हेही मिळतात. बंदराजवळची अनेक हॉटेलं तुम्ही आणलेला मासा शिजवून देतात; त्यांना लिंबू, मीठ आणि मिरची एवढंच लावायला सांगा. आणि तिथल्या खाद्यपदार्थांच्या यादीत मार्लिन किंवा सेलफिश दिसला, तर तो मागवू नका. मालकाला का मागवला नाही तेही सांगा.